विहिरीत ठेवलेलं बी

आषाढ संपायच्या आत धरणात पाणी आलं आणि ती विहीर बुडाली. तिच्यावर आता दोन पुरुष पाणी आहे.

विहीर धरणाच्या पोटातच होती. दुष्काळात पाणी आटत गेलं, तळ उघडा पडला, तेव्हा आम्ही काही घरांनी मिळून ती गाळात खोदली. कठडा कोणी बांधला नाही. पाऊस आला की ती बुडणारच होती, मग कठड्याला खर्च कशाला, असं सगळ्यांचंच मत होतं. वैशाखात एका सकाळी माझी बायको चांगुणा पाणी शेंदायला गेली. पोहरा ओढताना काठाचा गाळ ढासळला. तिला बाहेर काढलं ते मी आणि तिच्या भावानं, गोरक्षनं. अस्थी आम्ही पुणतांब्याला गोदावरीत सोडल्या. मुलगा हर्षल नागापूरला एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, आता माझ्याकडं चला. मी म्हणालो, मासेमारी सुरू होऊ दे, मग बघू.

मला मासेमारीची ओढ नव्हती. मला विहिरीतल्या मरळींचं काय होतं ते बघायचं होतं.

त्या मरळी चांगुणानं सोडलेल्या. माघात धरणात एकच डबकं उरलं होतं आणि सगळं गाव त्यात उतरून हाताला लागेल तो मासा उचलत होतं. मरळ चिवट असते. चिखलात राहते, तोंड वर काढून हवा घेते, म्हणून शेवटपर्यंत तीच उरली होती. चांगुणा घमेल्यात मोठ्या मरळी घेऊन आली आणि घराकडं न येता विहिरीकडं चालू लागली.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

"इहिरीत सोडते."

"अगं, कालवण करायचं सोडून?"

"समदं खाऊन टाकलं तर पुढं काय पेरायचं? बी नगं ठेवाया?"

आमची जमीन धरणात गेली म्हणून मी मासेमारीत आलो, पण ती शेवटपर्यंत शेतकऱ्याचीच भाषा बोलत राहिली. माहेर पाथर्डीकडचं. घरात शेळ्या. तिकडं सगळ्यांच्या शेळ्या एकत्र चरतात, म्हणून करडू मोठं झालं की ज्याचा तो त्याच्या कानाला खूण करून ठेवतो. हिनं विहिरीवर बसून कात्री काढली आणि प्रत्येक मरळीच्या शेपटीचा वरचा कोपरा तिरका कापला.

गोरक्ष तिथंच होता. तो पोट धरून हसला. "आक्का, ही काय शेरडं हायेत व्हय? आता गळ्यात घुंगरू बांध, म्हंजी सांजच्याला हाक मारली की येत्याल."

"हस, हस. धरान भरल्यावर समद्यांचं मासं एकात मिसळत्याल. तवा माझं कंचं, ते तुझा बाप वळखंल का?"

"माझा बाप म्हंजी तुझाबी बापच की गं!"

मग तीही हसली. कात्री तिनं पदराला पुसली.

ती गेल्यावर त्या विहिरीचं पाणी कोणी प्यालं नाही. टँकर सुरू झाला. मी मात्र रोज जायचो. ती टाकायची तसा भाकरीचा कुस्करा टाकायचो. खाली अंधारात मरळी वर यायच्या, तोंड उघडायच्या आणि परत जायच्या. मग पाऊस झाला, वरच्या ओढ्यांचं पाणी आलं, आणि एका सकाळी विहिरीच्या जागी नुसतं गढूळ पाणी होतं. मरळी मोकळ्या झाल्या.

पावसाळ्यातली बंदी उठली त्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या लोकांनी काठावर नारळ फोडला. धरण निम्मंसुद्धा भरलं नव्हतं. मासळी थोडी आणि माणसं घाईवर आलेली, कारण श्रावण लागला की गिऱ्हाईक बंद. दोन वर्षं सगळ्यांनी ऊस तोडला होता. पहिलं जाळं कधी टाकतो असं प्रत्येकाला झालं होतं.

आमच्याकडं एक रीत आहे. ज्याच्या घरचं माणूस पाण्यात गेलं, त्याच्यासाठी वर्षश्राद्धापर्यंत एक जागा सोडतात. तिथं कोणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही. मी चेअरमन काकासाहेबांना विहिरीची जागा मागितली.

"घे," ते म्हणाले. "पर राधाकिसन, एका घराला एकच जागा. उद्या म्हनशील ती बाई हितंबी धुनं धुवायची, तितंबी बसायची, तर आमी जाळी काय रस्त्यावर टाकावी?"

मागं कोणीतरी हसलं. काकासाहेबांनी वळून बघितल्यावर गप्प झालं.

मी आणि गोरक्ष पत्र्याची होडी घेऊन गेलो. टेकडीवरचा झेंडा आणि पंपघराचा कोपरा एका रेषेत धरला की विहीर कुठं ते कळतं. तिथं खुणेसाठी दगड बांधून एक निळा कॅन सोडला. मला बरं वाटलं. तिच्या मरळी तिथंच असतील, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी आमचं स्वतःचं जाळं आम्ही लांब, उथळात टाकलं. दुष्काळात तिथं आम्ही गाळपेर केली होती, जनावरांसाठी मका पेरला होता. त्याची धाटं अजून पाण्यात उभी होती. गोरक्ष म्हणाला, गवतात मासळी असती. मी हो म्हणालो.

सकाळी जाळं ओढायला घेतलं. ढग होते, उजेड मळकट होता. गोरक्ष ओढत होता, मी होडी धरून होतो. बराच वेळ नुसती धाटं आणि दोन चिलापी आली. मग जाळं जड लागलं.

"दाजी, मरळ! हातभर हाय!"

ती मेलेली होती. मरळीला हवा घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकून खाली राहिली की बाकीच्या माशांच्या आधी ती मरते. गोरक्षनं ती सोडवून होडीत टाकली आणि तेवढ्यात त्याला पाण्यावर लाल डाग दिसला. सुपाएवढा. शेकडो बारीक पिल्लं एकाच जागी वळवळत होती.

"पिल्लं हायेत. म्हंजी जोडीतली दुसरी खालीच आसंल." तो गळाची पिशवी चाचपू लागला. "ती पिल्लं सोडून कुठं जात न्हाई. बेडूक लावला का आलीच वर. श्रावनाच्या तोंडावर दोन मरळी, दाजी!"

मी होडीतली मरळ उलटी केली. शेपटी बघितली. वरचा कोपरा परत वाढला होता, पण वाकडा वाढला होता. आतल्या बाजूला दुमडलेला.

"गोरक्ष," मी म्हणालो, "हिकडं बघ."

त्यानं बघितलं. गळ हातातच राहिला. मग त्यानं शेपटीवरून बोट फिरवलं, दोनदा.

"आक्काची हाय," तो म्हणाला.

मरळ पावसाळ्यात पिल्लं घालायला उथळात, गवतात येते. हे मला कोणी शिकवायला नको. पण चांगुणा गेली ती जागा माझ्या डोक्यात इतकी बसली होती की मी ती राखली आणि त्या मरळी जिथं येणार तिथं स्वतःच्या हातानं जाळं टाकलं.

आम्ही जाळं आवरलं. आवाज न करता बसून राहिलो. थोड्या वेळानं पिल्लांच्या खालून दुसरी मरळ वर आली, तोंड उघडलं आणि वळली. तिची शेपटीही तशीच होती.

गोरक्षनं गळ पिशवीत टाकला. "आपुन सोडू, दाजी. पर दुसरं कोन सोडंल? दुपारपत्तुर हितं कुनीतरी येतंय. लाल पानी दिसल्यावर आंधळाबी गळ टाकंल."

"कॅन काढून आणू."

"कंचा कॅन?"

"विहिरीवरचा. हितं लावू."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "आन् इहीर? उद्याच तिच्यावर जाळी पडत्याल. दाजी, आक्का तितं गेली. म्या तिला तितनं वर काढली."

"मी बी तिथंच हुतो."

"तरी म्हनता?"

"ती आता तिथं न्हाई. पुणतांब्याला सोडली आपण तिला. हे तिनं ठेवलेलं बी हाय, आन् निम्मं आपणच मारलं."

त्यानं वल्हं घेतलं आणि होडी विहिरीकडं वळवली. कॅनची दोरी ओढताना त्यानं तोंड दुसरीकडं केलं होतं. दगड वर आला, त्याला गाळ लागला होता. तो मी धुतला नाही. तसाच होडीत ठेवला.

काकासाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी चिडले. "जागा काय एस्टीतलं शीट हाय व्हय, हितनं उठून तितं बसाया?" मग मी मेलेली मरळ दाखवली आणि कात्रीचं सांगितलं. त्यांनी शेपटी बघितली. "बरं," म्हणाले. "पर मग इहिरीवर आमी जाळं टाकनार. मनात काय ठेवायचं न्हाई."

"न्हाई ठेवत," मी म्हणालो.

"हिचं काय करायचं?" गोरक्षनं मरळीकडं बोट केलं.

"खायची. टाकून दिली तर तुझी आक्का शिव्या घालंल."

गोरक्षची बायको सविता, तिनं कालवण केलं. चांगुणापेक्षा तिखट केलं. गोरक्षनं एक तुकडा घेतला आणि नुसत्या रश्श्याशी भाकरी खाल्ली. मी सगळं खाल्लं, डोकंसुद्धा. सविता वाढताना माझ्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच होडी घेऊन उथळात गेलो. निळा कॅन मक्याच्या धाटांजवळ होता. लाल डागही होता, पण कालच्याहून लहान दिसला. राखायला दोन असतात तिथं आता एकच होती, आणि पिल्लांवर टपलेल्या चिलापी गवताच्या कडेनं फिरत होत्या. त्यांना वल्ह्यानं हाकललं की त्या जात आणि पुन्हा येत.

तिकडं टेकडीचा झेंडा आणि पंपघराचा कोपरा एका रेषेत आले तिथं काकासाहेबांची होडी उभी राहिली. त्यांची माणसं जाळं सोडत होती. जाळ्याला बांधलेल्या रिकाम्या बाटल्या एकामागून एक पाण्यावर पडत विहिरीवरून पलीकडं गेल्या. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि ते हसले. एवढ्या लांबून शब्द कळला नाही.

मरळ वर आली, हवा घेतली, खाली गेली. चिलापी परत जवळ येत होत्या. मी वल्हं उचललं.