वरच्या गल्लीचा हौद

वरच्या गल्लीतल्या मुलांना कुणी मुलगी देत नसे. मुलं धडधाकट होती, घरं दगडी होती. नव्हतं ते पाणी. मुलीचा बाप यायचा, खालच्या विहिरीपासूनचा चढ बघायचा आणि "कळवतो" म्हणून जायचा, तो गायबच!

पाथरवटाच्या बायकोचा जीव टांगणीला लागला होता. एकुलता एक लेक, छिन्नी-हातोडीत बापाच्या वरताण, आणि आता केस विरळ व्हायला लागलेले. सरहद्दीपलीकडच्या गावातल्या कुंभाराच्या मुलीचं आणि त्याचं जमलं होतं. पण कुंभार म्हणाला, "आधी दारात पाणी येऊ द्या, मग बोलू."

अर्ज-विनंत्या करून गल्लीच्या जिभा झिजल्या, पण बादशहाचा सुभेदार ढिम्म! शेवटी बाई कचेरीत गेली आणि सहज बोलल्यासारखं बोलली, "पलीकडच्या बादशहानं म्हणे केवढा हौद बांधलाय! तिथं आपल्याला हसतात, साहेब."

धादांत थाप! पलीकडेही ठणठणाटच होता. पण सुभेदार ताडकन उठला. झालं! डोंगरातून पाट आला, बाप-लेक राबले, आणि वरच्या गल्लीत असा हौद झाला की बाई त्याच्या काठावर बसून आनंदानं रडली.

मग कुंभार आला. त्यानं पाणी चाखलं, मान डोलावली. "छान आहे. आमच्या हौदाहून जरा लहान."

"तुमचा कसला हौद?"

"अहो, तुमची बातमी आमच्या सुभेदाराला लागली ना! तोही हट्टाला पेटला. आता पाणी आमच्याही दारात आहे. तेव्हा मुलगी इकडे कशाला? तुमचा मुलगाच घरजावई म्हणून पाठवा. दगडाचं काम तिकडेही पुष्कळ आहे."

पाथरवटाच्या बायकोनं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता! त्यात लेक मागे उभा राहून नुसता लाजत होता. नाही म्हणून म्हणत नव्हता मेला.

कुंभाराची पाठ वळताच तिनं तडक कचेरी गाठली. "साहेब, पलीकडचे आता आपले पाथरवट पळवायला लागलेत." या खेपेला एक अक्षर खोटं नव्हतं.

सुभेदारानं संध्याकाळीच दवंडी पिटली: एकही पाथरवट सरहद्द ओलांडणार नाही. कुंभारांच्या मुलींबद्दल दवंडीत काही नव्हतं. बापाशी भांडून मुलगी आली.

सासूनं मोठ्या कौतुकानं तिला आधी हौदावर नेलं. सुनेनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, एवढासाच?"