कुंपणापलीकडचा गवा

माझा भाऊ बाझिली जन्मभर लोकांना एकच गोष्ट बजावत आला: जंगलातल्या गव्याला नाव द्यायचं नाही. राखीव कुंपणात जन्मलेल्या वासरांना आमच्याकडे नावं असतात, आणि सगळी ‘पो’वरूनच सुरू होतात, ही जुनी रीत. पण मोकळ्या जंगलातला गवा जंगलाचा. त्याला नाव दिलं की तो तुमचा होतो, मग तुमच्या दारात येतो, आणि दारात आला की मरतो. पर्यटकांनी एखाद्या गव्याला लाडानं हाक मारली तर बाझिली त्यांना असा झापायचा की माणसं हातातली बिस्किटं लपवायची.

त्याला गव्यांचं एवढं का, ते मला ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात आमच्या ब्याउओव्येझाच्या जंगलात उपासमार होती, तेव्हा सैनिकांनीही गवे मारले, गावकऱ्यांनीही. आमच्या आजोबांनी त्यातल्या एकाचं मांस घरी आणलं होतं. लवकरच जंगलात एकही उरला नाही. पुढे कुठकुठल्या प्राणिसंग्रहालयांतून मूठभर गवे गोळा करून आणले, त्यांची वीण वाढवली, आणि पुन्हा जंगलात सोडले तेव्हा फाटक उघडणाऱ्यांत आमचे वडील होते. आजोबा म्हातारपणी म्हणायचे, “भूक होती रे, काय करणार?” विचारलं कुणीच नसायचं. बाझिली ते ऐकत मोठा झाला आणि हिवाळ्यात गव्यांना चारा घालायच्या कामाला लागला तो निवृत्त होईपर्यंत.

निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. मी त्याची मोठी बहीण, तमारा. आमचं घर गावाच्या बाहेर, जंगलाला लागून. नवरा गेल्यापासून एकटीच होते, म्हटलं बरं झालं, लाकडं तरी फोडेल. लाकडं राहिली बाजूला, बडबडच जास्त. चुलीशी बोलेल, मांजराशी बोलेल, ताटातल्या बटाट्याशीसुद्धा बोलेल.

त्या शरदात एक म्हातारा नर आमच्या कुंपणाशी यायला लागला. आमच्याकडच्या गव्यांना असते तशी लांब दाढी, डावं शिंग मोडलेलं. तरण्या नरांनी कळपातून हुसकलेला असणार. पडलेली सफरचंदं खायचा आणि निमूट जायचा. मग माझ्या तळघरातलं बीट कमी व्हायला लागलं. एकदा खिडकीतून पाहिलं तर आमचे हे महाराज बादली वाजवत उभे, आणि हळू आवाजात म्हणताहेत, “ये पोमरुक, ये बाबा.” पोमरुक म्हणजे आमच्या भाषेत गुरगुर. ‘पो’वरूनच ठेवलं होतं, रीतीला धरून!

मी म्हटलं, “वा रे वा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.”

कान लाल झाले त्याचे. म्हणाला, “ताई, त्यालाही कुणी नाही गं.” बीट माझं होतं तरी तळघराची कडी उघडीच ठेवली.

व्हायचं तेच झालं. भर हिवाळ्यात गावातली नीना डुकरांना खाणं घालायला बादली घेऊन निघाली, आणि बादलीचा आवाज ऐकून पोमरुक तिच्या मागोमाग थेट अंगणात. फाटक त्यानं असं आडवं केलं की पुन्हा उभं राहिलं नाही. नीना दुपारपर्यंत डुकरांच्या खोपटात बसून होती. लागलं कुणाला नाही, पण गाव खवळलं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची ओक्ताविया आली. तरुण पोरगी, बाझिलीच्या हाताखाली काम शिकलेली. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. माणसाला न भिणारा गवा ठेवता येत नाही, वय असं की बेशुद्ध करून दूर नेला तर वाटेतच मरेल, आणि पुन्हा गावात शिरला तर गोळी घालायचा हुकूम तिच्याकडे आहे, सगळं सांगितलं. मग म्हणाली, “काका, तो बिटापेक्षा तुमच्या आवाजाला येतो. तुमचा आवाज त्याला ऐकू येता कामा नये.”

बाझिलीनं मान हलवली. त्या क्षणापासून त्याच्या तोंडाला कुलूप.

मी राहिलेली सफरचंदं उचलली, तळघराला कडी घातली, बादली घरात आणली. पोमरुक रोज कुंपणाशी येऊन उभा राहायचा. त्याच्या दाढीला बर्फ लागलेलं असायचं. खांबाला अंग घासायचा, गुरगुरायचा, खिडकीकडे बघत राहायचा. आत बाझिली पडदा ओढून चुलीपाशी बसलेला. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचा. मीही गप्प. मी! आमच्या गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. बिटाचं सूप पुढे ठेवलं तर तो नुसता ढवळत बसायचा आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. मला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त त्याची दया आली. एकदा गुरगुर फार वेळ चालली तेव्हा तो उठून दारापर्यंत गेला, कडीला हात लावला. मी त्याची बाही धरली. तो परत येऊन बसला.

हळूहळू पोमरुकचं येणं विरळ झालं. बर्फ वितळायच्या आधी बंद झालं. गावात तो पुन्हा शिरला नाही, पण कुठे आहे, जिवंत आहे की नाही, ते कळेना. बाझिली बोलायला लागला, पण पूर्वीसारखा नाही. मांजराशीही कामापुरतंच.

पुढच्या हिवाळ्यात ओक्ताविया चहाला आली. सांगायला लागली की नदीकाठच्या गवतगंजीपाशी तीन-चार म्हातारे नर एकत्र असतात, त्यात एक डाव्या मोडक्या शिंगाचा आहे. तिनं गाडीचं दार नुसतं उघडलं, तर मान वर करून झाडीत पळाला.

“काका, तुमचा पोमरुकच ना तो?”

बाझिली ग्लासातली साखर ढवळत राहिला. “माझा कुठला, पोरी? जंगलातल्याला नाव नसतं.”

मग चमचा ठेवून त्यानं विचारलं, “पळाला म्हणालीस ना? थांबला नाही? वळून नाही बघितलं?”

“नाही, काका.”

“बरं झालं,” तो म्हणाला, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून आमच्याकडे पाठ करून बसला.