बारवेचा विषय

"अबे इंद्रभान, कर्णा इकडं फिरव नं! तिकडं कोन आयकनार हाय, म्हशी?"

शेषराव लिंबाखालून ओरडले आणि सतरंजीवर येऊन बसलेले चार जण हसले. इंद्रभान झाडावर होता. त्याने कर्ण्याचं तोंड मैदानाकडे वळवलं, सुतळीला आणखी एक गाठ मारली आणि खाली उतरला.

एक सायकल दुरुस्तीचं दुकान आणि एक लाऊडस्पीकर, एवढीच त्याची मिळकत. जळगाव जामोदपासून आठ मैलांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. राज्य झालं त्या साली त्याने हे मशीन आणलं. तेव्हापासून पाच वर्षांत गावातलं एकही लग्न, निवडणूक किंवा सभा त्याच्यावाचून झाली नव्हती. लोक अर्धी भाषणं ऐकून घरी जातात. इंद्रभानला मात्र ती शेवटपर्यंत ऐकावी लागत, आणि ऐकून ऐकून त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. माणूस काय करायचं ते घरूनच ठरवून येतो. कारणं तो सभेत येऊन लावतो, सदरा शिवून झाल्यावर गुंड्या लावाव्यात तशी.

त्याने बॅटरी जोडली. मशीनचा लाल दिवा लागला. आता 'हॅलो, हॅलो' म्हणायचं, पण तो थांबला. वर्षभर हे असंच चाललं होतं. मशीन सुरू केलं की त्याच्या हॅलोच्या आधी कर्ण्यातून कुणीतरी खाकरायचं. तीन वेळा. बाकी कुणाला ते ऐकू येत नसे. आजही ते आलं, आणि भर दुपारी त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

गेल्या चैत्रात याच लिंबाखाली अशीच सभा भरली होती. शेजारच्या गावात पटकीचे दोन रोगी सापडले होते, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरचं पत्र आलं होतं की आसरामातेची जत्रा यंदा पुढे ढकलावी. पत्र वाचून झालं आणि गावाला कंठ फुटला. किराणा दुकानदार नारायणराव श्रद्धेवर बोलले. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानात नारळाची पोती छतापर्यंत लागलेली होती, त्याचा उल्लेख राहून गेला. देवळाचा पुजारी उठला तो गोरगरिबांच्या धंद्यावर बोलला. शेवटी शाळेचे भगवंतराव मास्तर उभे राहिले. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा वक्ता नव्हता. "आज डॉक्टर म्हणतात जत्रा भरवू नका," मास्तर म्हणाले, "उद्या म्हणतील श्वास घेऊ नका. मग काय, श्वास सोडून द्यायचा?" टाळ्यांनी लिंबावरचे कावळे उडाले. श्वासाचं कुणी काही म्हटलंच नव्हतं, पण ते विचारायला सुचेपर्यंत टाळ्या होऊन गेल्या होत्या.

आणि तेव्हा पुंजाजी उठला. पुंजाजी हा ग्रामपंचायतीचा माणूस. गावातल्या विहिरींचा आणि देवळाजवळच्या बारवेचा गाळ काढायचा आणि पाण्यात जंतू मारायची लाल दवा टाकायची, हे त्याचं काम. त्याने जन्मात माईक धरला नव्हता. तो तीन वेळा खाकरला. मग म्हणाला, "मी... बारवीचं..." आणि अडला. लोक चुळबुळ करू लागले. शेषराव जत्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी इंद्रभानकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. जत्रेचे दहा दिवस इंद्रभानचंच मशीन लागायचं होतं. त्या नजरेचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला आणि आवाजाची कळ पूर्ण फिरवली.

कर्ण्याने अशी शिट्टी मारली की म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. "बारवीतलं भूत बोलून राह्यलं बे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी सभा हसली. पुंजाजीही थोडं हसला. त्याने दोन्ही हातांनी माईक परत केला आणि जाऊन बसला. मग हात वर झाले, जत्रा मंजूर झाली.

जत्रेनंतर दहा दिवसांत गावातली सतरा माणसं पटकीने गेली. पुंजाजी आजाऱ्यांना बैलगाडीत घालून जळगावच्या दवाखान्यात नेत होता. सतरावा तो. गाडी दवाखान्याच्या दारात पोचली तेव्हा तो गेलेला होता.

इंद्रभानने वर्षभर स्वतःशी सभा भरवली. माईक जुनाच होता. पुंजाजीने तो फार जवळ धरला होता. तो बोलला असता तरी ऐकलं कुणी असतं? डॉक्टरचं पत्र ऐकलं नाही ते पुंजाजीचं ऐकणार? कारणं सगळी चांगली होती आणि एकही खोटं नव्हतं. तरी मशीन लावलं की कर्ण्यातून कुणीतरी खाकरायचं.

आज सकाळी शेवटी तो पुंजाजीच्या घरी गेला होता. पुंजाजीची बायको सत्यभामाबाई ओसरीत तूर पाखडत होती.

"वयनी," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "त्या दिशी मशीन बिघडलं नोतं. शिट्टी म्या वाजोवली."

सूप थांबलं नाही. तिने आणखी दोनदा पाखडलं, फोलपटं उडाली, मग सूप खाली ठेवलं.

"ते घरी आले तं मले म्हने, इंद्रभानचं मशीन बिघडलं वं. येवढ्या लोकाईत बिचाऱ्याची इज्जत गेली. मीच माईक लय जवळ धरला असंन, माहीच चूक. तुम्हाले भेटाले येनार होते. मंग राहूनच गेलं."

इंद्रभान मटकन खाली बसला. तिने शिव्या दिल्या असत्या, हातातलं सूप फेकून मारलं असतं, तर तो उभा राहू शकला असता.

"जत्रा बंद करा, असंच म्हननार होते नं ते?" त्याने विचारलं.

"जत्रा काऊन बंद कराची?" ती चकित झाली. "त्याईलेच तं हौस. पोरीले बांगड्या भराच्या होत्या."

"मंग काय बोलनार होते?"

सत्यभामाबाईला आठवावं लागलं नाही. पुंजाजीने दोन दिवस घोकून घोकून तिलाच समोर बसवून ऐकवलं होतं. शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तसं, हात गुडघ्यांवर ठेवून ती म्हणाली, "मी सात साल झाले बारवीचा गाळ काढतो. अवंदा वरच्या आंगाची भित फुटली हाय, नालीचं पानी अंदर झिरपून राह्यलं. आज दवा टाकली का सकाळी रंग उडून जाते, म्हंजे पान्यात घान हाय. जत्रा भरवा, पन तीर्थ म्हून ते पानी कोनाले देऊ नका, मळ्यातल्या हिरीचं द्या."

"बस?"

"हाव. येवढंच."

एवढ्याला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. सभेत दोन बाजू होत्या, जत्रा हवी आणि जत्रा नको, आणि पुंजाजी कुठल्याच बाजूचा नव्हता. पण तो उठला आणि डॉक्टरच्या पत्रानंतर उठला, म्हणून सगळ्यांनी त्याला 'नको'त बसवून टाकलं. इंद्रभाननेही.

"आन् ते भित?"

"तशीच हाय. जाऊन पाहा."

तो गेला होता. बारवेच्या वरच्या अंगाला हात शिरेल एवढी फट होती आणि तिच्यातून काळी ओल खाली उतरत होती.

आता सभा भरली होती. यंदा डॉक्टरचं पत्र नव्हतं, पण सतरा घरं समोर बसली होती, त्यामुळे जत्रा भरवावी की नाही यावर पुन्हा बोलणं भाग होतं. मास्तर उठले. "जे गेले ते आपलेच होते," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज खरोखर कापला, कारण त्यांच्या बहिणीचा मुलगा त्यांत होता. "त्यांच्या नावाने तरी यंदाची जत्रा दुपटीने भरली पाहिजे. नाहीतर त्यांचं मरण वाया जाईल." लोकांनी डोळे पुसले. बायकांच्या कडेला सत्यभामाबाई बसली होती. ती मास्तरांकडे पाहत होती, आणि डोळे पुसत नव्हती.

मास्तर बसले तसा इंद्रभान मशीनजवळून उठला. 'हॅलो'च्या पुढे तो माईकवर कधी बोलला नव्हता. त्याने सांगून टाकलं. शिट्टी मीच वाजवली, पुंजाजीला मीच बोलू दिलं नाही. आणि मग ती चार वाक्यं, जशीच्या तशी म्हणाला. कर्णा साफ वाजत होता. शेवटच्या ओळीतली बाईसुद्धा ऐकू शकत होती.

लोकांनी शेषरावांकडे पाहिलं. मग शेषराव गालात हसले.

"तुले कोनी सांगतलं होतं काय, शिट्टी वाजोव म्हून?"

"नाही."

"मंग झालं तं! यंत्र हाय बावा, वाजते. काऊन जिवाले लावून घेतं?"

मास्तर पुढे आले. त्यांनी इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला. "इंद्रभानचं मन मोठं आहे," ते सभेला म्हणाले. "पण सभेपुढचा प्रश्न जत्रा भरवावी की नाही, एवढाच आहे. बारवेचा विषय पत्रिकेवर नाही. विषय सोडून बोलत गेलो तर सभा कशी चालायची? तो पुढच्या बैठकीत घेऊ."

मास्तर लबाड नव्हते. भाच्याला तीर्थ त्यांनी स्वतःच्या हाताने पाजलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. बारवेचा दोष निघाला असता तर तो दोष त्या हातापर्यंत आला असता, आणि मास्तरांना तो पेलला नसता. इंद्रभानला त्यांचा राग यावा, पण राग येईना. त्याला स्वतःचंच वर्ष समोर उभं दिसत होतं.

हात वर झाले. जत्रा एकमताने मंजूर झाली. जाता जाता लोक इंद्रभानची पाठ थोपटून गेले. इतक्या जणांनी मिळून त्याला निर्दोष ठरवलं की त्याला तोंड लपवावंसं वाटलं. तो वायर गुंडाळत बसला. मैदान रिकामं झालं तेव्हा सत्यभामाबाई जवळ आली.

"भाऊ, तुमच्या सायकलीवर मळ्यातून पानी आनता येईन काय? दोन-चार खेपा?"

"येईन नं. पन लोकाईले काय सांगाचं? आपलं कोन आयकनार हाय?"

"काही सांगाचं नाही," ती म्हणाली.

जत्रेसाठी कमिटीने नांदुऱ्याहून दुसरं मशीन आणलं. पहिल्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा त्या मशीनचा कर्णा देवळाच्या कळसाजवळ गरजत होता, भाविकांनी रांगेने बारवेकडे जावे, तीर्थ घ्यावे. इंद्रभान सायकलीला दोन घागरी बांधून मळ्यातल्या विहिरीवरून येत होता. बारवेपाशी त्याने पाहिलं आणि सायकल कठड्याला टेकवून ठेवली.

बारवेत उतरायला एकच अरुंद जिना. त्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर सत्यभामाबाई आडवी पडली होती, डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून. पदर तिने मागे सारला होता. कोरं कपाळ येणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असं उन्हात उघडं टाकलं होतं. वर्षभर जी बाई हळदीकुंकवाच्या वाटेवरूनसुद्धा बाजूला व्हायची, ती आज वाटेतच पडली होती.

बायका येत, आणि जागीच थांबत. माणसाला ओलांडू नये, हे लहानपणापासून पायांत भिनलेलं. त्यात विधवा, त्यात सण.

"उठ वं अवदसे!" एक म्हातारी किंचाळली. "देवीच्या दारात अपशकुन करून राह्यली! लाज नाही वाटत?"

सत्यभामाबाईने डोळे मिटलेले होते. ती हलली नाही. म्हातारी थुंकली, वळली आणि समोर घागरी दिसल्या तशी तांब्या पुढे करून म्हणाली, "हे कुठलं पानी हाय?"

"मळ्यातल्या हिरीचं."

"वत."

शेषराव आले. बाईच्या अंगाला हात कसा लावणार? ते थोडा वेळ उभे राहिले, "काय तमाशा लावला" म्हणाले आणि देवळाकडे गेले. मागून भगवंतराव मास्तर बहिणीला घेऊन आले. पायरीवर नजर पडताच मास्तर थबकले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या बहिणीने तेवढ्यात तांब्या इंद्रभानपुढे धरला. तांब्या भरल्यावर तिने तो पदराखाली धरला. मास्तरांनी तोंड मिटलं आणि ते दुसरीकडे पाहत राहिले.

दुपारपर्यंत इंद्रभानच्या नऊ खेपा झाल्या. पायरीचा दगड तापला होता. अवदसा, पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लेली, जत्रेतल्या बायकांना जे जे ठाऊक होतं ते सगळं तिला ऐकवून झालं होतं. कारण मात्र एकीनेही विचारलं नव्हतं. रांग जरा विरळ झाली तशी इंद्रभान पंचा भिजवून तिच्याजवळ गेला.

"वयनी, जराशाक सावलीत बसा. मी उभा राहतो इथं."

"तुम्हाले ओलांडून जातीन लोकं," डोळे न उघडता ती म्हणाली. "मले नाही ओलांडत."

त्याने पंचा तिच्या कपाळावर ठेवायला हात पुढे केला. तिने तो हाताने बाजूला केला.

"झाकू नका," ती म्हणाली. "दिसू द्या."

देवळाकडून चार बायकांची पावलं वाजत आली, पायरीपाशी थांबली आणि परत फिरली.