पंधरा फूट वायर

मित्रांनो, आधी माझ्या डोक्यावर एक टिचकी मारा. लाजू नका. टिचकी खाल्ल्याशिवाय आणि 'हॅलो, हॅलो' ऐकल्याशिवाय एकही सभा सुरू झालेली मला आठवत नाही. मी ग्रामपंचायतीचा जुना माईक. सध्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या फळीवर पडून असतो. शेजारी गणपतीच्या लायटिंगच्या माळा आणि एक चिरलेली घंटा आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. ती कशी चेपली, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

गावाचे नाव मात्र विचारू नका. चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीच्या पलीकडे आहे, एवढे पुरे. गाव कसेही वागले तरी माझे आहे. चारचौघांत त्याची अब्रू काढणे मला जमणार नाही.

माझा जन्म चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. भिंतीपलीकडे दिवसभर लेथ मशीन घरघरत असे. दीपमाला नावाची, लातूरकडून आलेली एक बाई माझ्या पोटातल्या बारीक तारा जोडत होती. जोडणी संपल्यावर तिने मला तोंडाजवळ धरले आणि हळूच म्हणाली, "आई, जेवलीस का गं?" आवाज कर्ण्यातून बाहेर पडला तशी शेडमधली माणसे हसली आणि बिचारी लाजून खाली बघत बसली. पण माझ्या आयुष्यातले पहिले बोल 'हॅलो' नव्हते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तिथून मी या गावात आलो. ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरत असे. सरपंच होते नानासाहेब. आवाज असा, की माझी गरजच पडू नये. तरी मला हातात धरल्याशिवाय त्यांना बोलणे सुचत नसे. त्यांचे झाले की मी पुरुषांच्या बाजूला हातोहात फिरायचो. तंबाखूचे किती वास सोसले, ते माझे मला ठाऊक! बायका मात्र पलीकडच्या खांबापाशी बसत. माझी वायर वीस फुटांची. ती त्या खांबाच्या बरीच अलीकडे संपायची. हे कोणी मुद्दाम केले नव्हते, आणि म्हणूनच बहुधा ते कोणी दुरुस्तही केले नाही.

एके वर्षी सभेपुढे तळ्याचा विषय आला. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव होता. तो बुजवून तिथे कंपन्यांच्या ट्रकसाठी पार्किंग करायचे, असे घाटत होते. एकामागून एक भाषणे झाली. म्हातारे कोंडाजी तर म्हणाले, "तळ्यात म्हशी डुंबत्यात, दुसरं काय हाय तिथं?" सगळे हसले. तेवढ्यात खांबापाशी पुतळाबाई उभ्या राहिल्या. तळ्याच्या खालच्या अंगाला त्यांची विहीर आणि दीड एकर रान.

"मला बी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

"बोला की वहिनी, तिथूनच बोला," नानासाहेब म्हणाले.

"न्हाई. समद्यांचं त्यातनं ऐकलंत. माझं बी त्यातनंच ऐका."

कोणीतरी हसले, कोणीतरी "द्या की राव!" म्हणाले. पण द्यायचा कसा? मी ताणून ताणून मध्येच अडकलो. शेवटी पंचायतीचा शिपाई गोरक्ष सायकल काढून हमरस्त्यावरच्या दुकानात गेला आणि पंधरा फूट वायर घेऊन आला. काळ्या टेपने त्याने ती मला जोडली. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास सारे गाव बसून राहिले. वायरीसाठी थांबलेले गाव मी त्या दिवशी पाहिले.

पुतळाबाईंनी मला घट्ट धरले. हाताला शेणाचा आणि कोथिंबिरीचा वास होता.

"मला भाषान येत न्हाई. येकच इचारते. तळं बुजवाल, पर वरनं येनारं पानी कुनाला इचारून थांबनार हाय? आन माझ्या हिरीला, तुमच्या हिरीला झरा कुठनं यील?"

मग कोंडाजी काठी टेकत उठले. "बाई खरं बोलती. माझं मगाचं बोलनं मी मागं घेतो," असे म्हणून खाली बसले. मित्रांनो, माझ्यातून टाळ्यांची भाषणे पुष्कळ गेली. पण भरल्या सभेत आपला शब्द मागे घेणारा माणूस मी तो एकच पाहिला. त्यानंतर वारेच फिरले. ठराव बारगळला आणि तळे राहिले.

पुढची काही वर्षे माझ्या सुखाची. त्या जादा वायरीवरून मी खांबापर्यंत जाऊ लागलो. टँकर, अंगणवाडीचे छप्पर, शाळेतल्या मुलींचे बाथरूम, असे कधी न निघालेले विषय निघू लागले. गणपतीत पोरे मला पुसून हार घालायची. मी फुशारलो, हे कबूल करतो.

पण काळ बदलत होता. गावातली पोरे कंपन्यांत लागली होती. सभा सकाळची, आणि पोरे फर्स्ट शिफ्टला. माणसे कमी भरली की सभा तहकूब व्हायची. तेव्हा पुतळाबाईंनीच मला हातात घेऊन एक तोड सुचवली.

"माझ्या सुजितचा दर सभेला खाडा व्हतो. पोरांनी किती रजा काढायच्या? त्यापरीस गोरक्षानं आदल्या दिवशी वही घेऊन घरोघर जावं आन हजेरीची सही घ्यावी. सभा तर भरंल!"

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सूचना मायेची होती, सोयीची होती. मीही ती मोठ्या आवाजात गावभर पोचवली. तिच्यात काही खोट आहे, असे मलासुद्धा वाटले नाही, कोणाला दोष देऊ? तेव्हापासून चालच पडली. वहीत वरची जागा कोरी, खाली सह्या. वर काय लिहायचे ते सभेनंतर लिहायचे.

सही घरी मिळते म्हटल्यावर सभेला कोण येणार? हळूहळू सतरंज्या रिकाम्या पडू लागल्या. नानासाहेबांच्या मागे त्यांचा पुतण्या मुरारी सरपंच झाला. तो वाईट माणूस नव्हता, घाईचा माणूस होता. बोलणे आता मोबाईलवरच्या ग्रुपवर होई. तिथे तळ्याचा विषय पुन्हा निघाला आणि सकाळपासून दुपारपर्यंत अंगठ्यांमागून अंगठे आले. पुतळाबाईंकडे साधा बटणांचा फोन. त्यांना ही गोष्ट पिठाच्या गिरणीत कळली, तीही दोन दिवसांनी.

सभेच्या दिवशी त्या सर्वांच्या आधी येऊन बसल्या. जेमतेम अठरा माणसे जमली होती. त्यांनी मला मागून घेतले आणि उभ्या राहिल्या.

"मुरारी, तळं बुजवायचं मला मान्य न्हाई. मागं बी समद्या गावानं..."

मुरारीने वही उघडली. आवाजही चढवला नाही. "काकी, ठराव मंजूर आहे. दीडशेच्या वर सह्या आहेत. ही बघा, तुमचीपण आहे."

आदल्या दिवशी गोरक्ष नेहमीसारखा उंबऱ्याशी आला होता. त्यांनी नेहमीसारखी हजेरीची सही केली होती. नात संस्कृती हिने शिकवलेली, तिरकी, मोठ्या अक्षरांतली सही. खाली सुजितची होती. आणि सही करताना कोऱ्या असलेल्या वरच्या जागेत आता ठराव लिहिलेला होता.

पुतळाबाईंनी ते पान पाहिले. मला तोंडाजवळ धरले. मी कान टवकारून वाट पाहू लागलो, पण शब्द आलाच नाही. कर्ण्यातून नुसता त्यांचा श्वास गावभर ऐकू जात होता. माझ्याजवळ एकच विद्या आहे, लहान आवाज मोठा करायची. जो शब्द ओठावर आलाच नाही, तो मी कुठून मोठा करू? इतका निरुपयोगी मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

"बरं, पुढचा विषय घेऊ," मुरारी म्हणाला.

त्या मला खाली ठेवायला वाकल्या. नजर अजून त्या पानावरच होती. मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. माझी जाळी चेपली ती तेव्हा.

तळे उन्हाळ्याआधी बुजले. आता तिथे ट्रक उभे असतात. पुढच्या चैत्रात पुतळाबाईंच्या विहिरीचा तळ दिसला आणि कोथिंबिरीचे वाफे वाळून गेले. पंचायतीने बिनवायरीचा नवा माईक आणला. माझी जादा वायर गोरक्षाने सोडवून गणपतीच्या माळांना लावली.

परवा पुतळाबाई हयातीचा दाखला घ्यायला कार्यालयात आल्या. फार वाळल्या आहेत. शिक्का काढायला गोरक्षाने कपाट उघडले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"गोरक्षा, दे त्यो हिकडं."

"काकी, त्याला वायर न्हाई आता."

"ठाव हाय मला."

त्यांनी मला पदराने पुसले. चेपलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. टिचकी मारली नाही, हॅलो म्हणाल्या नाहीत. मला तोंडाजवळ धरून सावकाश म्हणाल्या, "मी हजेरीची सही केली हुती. व्हय म्हनले न्हवते."

ऐकायला मी आणि गोरक्ष दोघेच होतो. वही घरोघर नेणारा तोच. तो मान खाली घालून शिक्का शाईवर दाबत राहिला. मग त्या जिवंत असल्याच्या कागदावर त्याने शिक्का मारला आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मला पुसा, हार घाला, असे मी म्हणणार नाही. कोऱ्या जागेखाली सही करू नका, हे तर तुम्हांला घरचेही सांगतील. माझे मागणे वेगळे आहे. कोणी माईक हातात घेऊन गप्प उभे राहिले, तर 'पुढचा विषय' म्हणू नका. जरा थांबा. हेच गाव एकदा पंधरा फूट वायरीसाठी अर्धा तास थांबले होते. मुरारीने वही उघडली त्या दिवशी ते अर्धा मिनिट जरी थांबले असते, तरी पुतळाबाईंना ते वाक्य सापडले असते. माझे बटण चालूच होते.