चैतालीसाठी प्रार्थना

मनकर्णाबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की बाकीच्या बायका आधी मांडी बदलून नीट बसून घ्यायच्या. अनुभव होता. बाईंची प्रार्थना म्हणजे वीस मिनिटांची निश्चिंती. त्यात कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या पोरीचं रखडलेलं लग्न, कुणाच्या नवऱ्याची बाटली असं सगळं यायचं आणि नावागावासकट यायचं. देवाचा पत्ता चुकायला नको म्हणून असेल. गल्लीत जे कानात बोलायची चोरी, ते बाई डोळे मिटून खणखणीत आवाजात परमेश्वराच्या कानावर घालायच्या, आणि ओघाने तिथं बसलेल्या पंचवीस बायकांच्याही. याला कुणी चहाडी म्हणत नसे. डोळे मिटलेले असले आणि शेवटी 'आमेन' आलं की ती विनंती होते, अशी त्या मंडळीची जुनी समजूत होती.

शिवाय बाईंना मान होता तो त्यांच्या साक्षीमुळे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक दिपक एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला. त्याला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी बाई भाकरी थापत होत्या, तेव्हा त्यांना स्पष्ट आवाज आला : "मनकर्णा, रडू नकोस. तो माझ्याजवळ आहे." त्या दिवसापासून बाई रडल्या नाहीत. ही साक्ष सोलापुरात तर सगळ्यांना पाठ होतीच, पण बार्शीच्या मंडळीनंही त्यांना ती सांगायला दोनदा बोलावलं होतं. घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की लोक म्हणायचे, मनकर्णाबाईंना बोलवा.

म्हणूनच चैताली त्यांच्याकडे आली. मंगळवारी दुपारी, लॅबमधून परस्पर. ही सव्वीस वर्षांची पोर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांचा संडे स्कूल घ्यायची. तिचे वडील, ज्यांना सगळी मंडळी अण्णा म्हणायची, दीड महिन्यापूर्वी गेले होते. बाईंनी चहा टाकला.

"मावशी, एक विचारायचंय. कुणाला सांगणार नाही ना?"

"माझ्या पोटात आड हाय बाई. टाकलेलं वर येत न्हाय."

चैताली कपाकडे बघत बोलली. "रविवारी वर्गातल्या आराधनानं विचारलं, आम्ही सगळ्यांनी अकरा रविवार अण्णांसाठी प्रार्थना केली, तरी ते का गेले? मी सांगितलं, देवाची योजना असते. ती गप्प बसली. पण मावशी, मलाच ते पटलं नाही की. मी रोज प्रार्थना करते आणि पलीकडे कुणी नाहीच असं वाटतं. मग तुमची आठवण आली. तुम्हाला तर आवाज आला होता." ती थांबली. मग वर बघून अगदी साधेपणानं म्हणाली, "खरंच आला होता का हो?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तहानलेलं माणूस विचारतं ना, पाणी कुठं आहे, तसं तिनं विचारलं होतं. पण बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आवाज आलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी नाही, तीनशेव्या दिवशी नाही, कधीच नाही. दिपकच्या स्मरणसभेत चर्चच्या पाळकसाहेबांनी म्हटलं होतं, "बहिणीला दोन शब्द बोलावेसे वाटत असतील." बाई उभ्या राहिल्या आणि समोरचे सगळे चेहरे काहीतरी मिळेल म्हणून त्यांच्याकडे बघत होते. रिकाम्या हातानं खाली कसं बसायचं? तोंडातून ते वाक्य निघून गेलं. बायका हुंदके देऊन रडल्या. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलावं लागलं, आणि मग दर वर्षी. पंधरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"असले प्रश्न आपले नसतात," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना कडक वाटला. "सैतान घालतो डोक्यात. तुझा विश्वास कमी पडायलाय. तीन दिवस उपास धर."

चैताली "बरं" म्हणाली. अर्धा चहा तसाच ठेवून ती गेली.

खाई त्याला खवखवे. बुधवारचा दिवसभर बाईंना चैन पडलं नाही. ही पोर हेच उद्या आणखी कुणाला विचारेल. खरंच आला होता का, असं एकानं विचारलं की दुसरा विचारतो. हे सगळं बाई स्वतःशी सरळ बोलल्या नाहीत बरं का; स्वतःला त्यांनी सांगितलं की पोर भरकटतेय, तिला प्रार्थनेची गरज आहे.

गुरुवारची घरसभा धनलक्ष्मीअक्कांकडे होती. अक्का शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या. त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे माग, आणि सभेपुरते ते बंद ठेवायचा अक्कांचा नेम होता. माग थांबले की घरात अशी शांतता व्हायची की सुई पडली तरी ऐकू यावं. चैताली मागच्या भिंतीला टेकून बसली होती. बाई उभ्या राहिल्या. डोळे मिटले.

"हे प्रेमळ पित्या, आमच्यामधी एक तरुण लेक हाय. तिच्या वडलांना तू नुकतंच नेलंस. लहान लेकरांना ती तुझं वचन शिकवती. पण पित्या, तिच्या मनात शंकेनं घर केलंय. तू ऐकतोस का न्हाय, असं ती इचारती. जुन्या इश्वासू माणसांच्या साक्षीवर तिचा भरवसा राहिला न्हाय. तिला सांभाळ, आणि तिच्या हाताखालच्या लेकरांनाबी सांभाळ."

नाव तेवढं घेतलं नाही. सगळ्यांची नावं घेणाऱ्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक नाव गाळलं, आणि का गाळलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं : नाव नाही घेतलं की कुणाला सांगितलं असं होत नाही. आमेनच्या जरा आधी त्यांनी डोळे किलकिले केले. पंचवीस बायकांचे डोळे मिटलेले होते. चैतालीचे सताड उघडे होते आणि ती बाईंकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती. बाईंनी पटकन डोळे मिटले आणि प्रार्थना आणखी पाच मिनिटं लांबवली, कारण उघडायची हिंमत होईना.

पुढचं सगळं प्रेमानंच झालं. चहा-उप्पीट खाताना तिघीचौघींनी चैतालीच्या डोक्यावर हात ठेवले. एकीनं तेलाची बाटली दिली, एकीनं पत्रकं दिली. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रीपर्यंत 'आपल्या एका लेकीच्या डळमळत्या विश्वासासाठी' असा निरोप फिरला आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तिच्या प्रश्नाला मात्र कुणी हात लावला नाही. तो काय होता, हेही कुणी तिला विचारलं नाही.

शनिवारी मंडळीची पंचकमिटी बसली. पाळकसाहेब मऊ माणूस. ते म्हणाले, पोरीला थोडी विश्रांती देऊ. विश्रांती म्हणजे संडे स्कूल काढून घेणं. आणि वर्ग कुणाला द्यायचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. एकमतानं मनकर्णाबाईंना.

बाईंना नाही म्हणता आलं असतं. पण का नाही, असं कुणी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याजवळ होतं हीच तर पंचाईत होती. त्या "बरं" म्हणाल्या. चैताली म्हणाली होती तसंच, आणि हे त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी मागच्या खोलीत अकरा मुलं सतरंजीवर बसली होती. भिंतीवर चैतालीनं मुलांकडून काढून घेतलेली चित्रं होती. एका चित्रात खाट, खाटेवर माणूस, आणि वर पिवळा सूर्य. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत 'अण्णा बरे होवोत'. ते चित्र अजून कुणी उतरवलं नव्हतं. बाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"टीचर कुठं हायत?" पुढं बसलेल्या आठ वर्षांच्या पोरीनं विचारलं. हीच आराधना.

"त्यांना बरं न्हाय."

"मग त्यांच्यासाठी पण प्रार्थना करायची? अण्णांची केली तर ते मेले की."

दोनतीन मुलं हसली. आराधना हसत नव्हती. बाईंनी तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं साक्ष आपोआप बाहेर पडू लागली. माझा दिपक. भाकरी थापत होते. आवाज आला. बायकांच्या सभेत या ठिकाणी पदर डोळ्यांना लागायचे. मुलं नुसती ऐकत होती.

"कसा होता आवाज?" आराधनानं विचारलं.

"म्हणजे?"

"मोठा का बारका? बाईचा होता का माणसाचा? मराठीतच बोलला?"

तिला खोड काढायची नव्हती. तिला जाणून घ्यायचं होतं, कारण तोच आवाज आपल्याला आला तर ओळखू यायला हवा. अकरा जोडी डोळे बाईंवर खिळले. पंधरा वर्षांत हजार माणसांनी ही साक्ष ऐकली आणि कुणीही एवढी साधी गोष्ट विचारली नव्हती. मोठी माणसं आवाजाचा नुसता उल्लेख ऐकूनच डोळे मिटून घेत. बाईंनी कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी त्या दिवशीचा एकच आवाज आठवत होता, तो तव्यावर करपणाऱ्या भाकरीचा. त्या दिवशी त्या रडत होत्या. भाकरी करपेपर्यंत रडत होत्या. आणि त्या रडण्याचीच त्यांना एवढी लाज वाटली होती की पुढं त्यांनी ते साक्षीतून कापूनच टाकलं. आज या आठ वर्षांच्या पोरीसमोर त्यांचे कान तापले, मान वर होईना.

"गाणं म्हणा," त्या कशाबशा म्हणाल्या.

वर्ग सुटल्यावर त्या उपासनेला थांबल्या नाहीत. रिक्षा केली आणि थेट चैतालीच्या घरी गेल्या. ती दारात बादलीतले कपडे पिळून दोरीवर टाकत होती. तिनं आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. गुरुवारपासून एवढी माणसं प्रार्थना करायला येऊन गेली होती की बहुतेक तिला वाटलं, आणखी एक.

"मी पार्थनेला न्हाय आले," बाई म्हणाल्या. "चैताली, मला आवाज आला नव्हता. कदीच न्हाय आला. मी खोटं बोलले."

पिळलेली ओढणी चैतालीच्या हातातच राहिली.

"त्या मंगळवारी एवढंच बोलला असतात की, मावशी. मला उत्तर नकोच होतं. मला एकटं वाटत होतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ग गेला, नाव गेलं, त्याबद्दल पोरगी अवाक्षर बोलली नव्हती. दोघींना एकाच ठिकाणी दुखत होतं, आणि बाईंनी तिला उपास सांगून वाटेला लावलं होतं.

"मला माफ कर."

"माफ केलं. करावंच लागतं आपल्याला," चैताली म्हणाली आणि ओढणी दोरीवर टाकली. "पण ते मला एकटीला सांगून काय उपयोग? सगळ्यांसमोर बोललात ना?"

बाई तशाच पाळकसाहेबांकडे गेल्या आणि वर्ग चैतालीला परत द्या, मी घेणार नाही, असं सांगितलं. कारणही सांगितलं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "साक्षीचं कुणाजवळ बोलू नका," ते शेवटी म्हणाले. "किती लोकांना आधार आहे तिचा. वर्गाचं पाहू."

गुरुवार आला. घरसभा पुन्हा अक्कांकडेच होती. माग बंद झाले. गाणं झालं, विनंत्या गोळा झाल्या, आणि अक्का म्हणाल्या, "मनकर्णाबाई, चला, प्रार्थना करा." बायकांनी मांडी बदलली, पदर डोक्यावर घेतले, डोळे मिटले.

"डोळे उघडा," बाई म्हणाल्या.

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. एकेक डोळा उघडला. बाईंनी खिडकीचा गज धरला. "चैतालीनं इश्वास ठेवून मला एक प्रश्न इचारला. मी तो तुमच्यापुढं मांडला, पार्थनेच्या नावाखाली. ती चहाडी होती. आणि तो प्रश्न तिचा एकटीचा न्हाय. माझाबी हाय, दिपक गेला तवापासून. मला आवाज-बिवाज काय आला न्हाय. मी तुमाला पंधरा वर्सं खोटं सांगितलं. तो ऐकतो का न्हाय, मला ठाव न्हाय. मी पार्थना करते, पण मला ठाव न्हाय."

त्या थांबल्या. कुणीतरी काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं. रागावेल, नाहीतर म्हणेल, मनकर्णा, मलाही कधी कधी तसंच वाटतं. इतक्या बायका; कुणी पोर पुरलेली, कुणी नवरा. एखादी तरी म्हणेल.

धनलक्ष्मीअक्का उठल्या. त्यांचे डोळे पाणावले होते, त्यात खोटं काही नव्हतं. जवळ येऊन त्यांनी बाईंच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले.

"हे प्रेमळ पित्या, आमच्यात एक बहीण आहे. तिच्या मनात शंकेनं घर केलंय..."

झपझप सगळे डोळे मिटले. मनकर्णाबाई उघड्या डोळ्यांनी त्या हाताखाली उभ्या राहिल्या. चैताली त्या दिवशी आली नव्हती. मागच्या भिंतीपाशी तिची जागा रिकामी होती, आणि प्रार्थना संपेपर्यंत बाई तिकडेच बघत होत्या.