गोगलगाय काय म्हणाला

मित्रांनो, मला हेडफोन म्हणतात. माझं आता वय झालं आहे. कानांवरच्या स्पंजचे पोपडे निघतात, उजव्या बाजूने खरखर येते आणि तोंडासमोर येणारी माइकची दांडी चिकटपट्टीच्या आधाराने तग धरून आहे. सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या खालच्या खणात असतो. सोबतीला शाई संपलेली पेनं आणि एक मोडकी फूटपट्टी आहे, पण त्यांना बोलण्याची सवय नाही. म्हणून माझी गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या तारांना डाख देणाऱ्या बाईंची बोटं चटके बसून बसून टणक झाली होती. तयार झालेला प्रत्येक हेडफोन त्या स्वतःच्या कानाला लावून म्हणायच्या, "हॅलो, ऐकू येतंय का?" दिवसात तीनशे वेळा तेच वाक्य. माझ्या वेळी पलीकडच्या टेबलावरची त्यांची मैत्रीण म्हणाली, "येतंय गं बाई, तुझं घोरणंसुद्धा येतं." दोघी खूप हसल्या. मी ऐकलेलं पहिलं हसू ते.

मग खोका, मग दुकान, आणि एके दिवशी मी एका मुलीच्या घरी आलो.

ती चोवीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवण्याचं काम करायची. दिवसभर हात पाण्याच्या धारेखाली. घरी यायची तेव्हा बोटांची टोकं सुरकुतलेली असायची आणि मला उचलताना मला ती गार लागायची. घरात ती आणि तिची आई, एवढीच माणसं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायच्या. रोज संध्याकाळी सातला मुलगी मला कानाला लावून संगणकासमोर बसली की आई म्हणायच्या, "बसली बाई माझी घोड्यासारखा तोबरा लावून!" खेळात तिने स्वतःचं नाव 'वावटळ' ठेवलं होतं. पुढे आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या, तेव्हा मीही तेच वापरतो.

तो खेळ समुद्राचा होता. जगभरातले खेळाडू त्यात एकाच वेळी असायचे. बेट मिळवायचं, त्यावर घरं बांधायची, भोवती तटबंदी घालायची. तटाला एकच दार. बाहेरून हजार माणसं आली तरी तट फुटत नसे. पण ज्याला तुम्ही दाराची चावी दिली, तो आतून दार उघडू शकत असे. एकदा का शत्रू आत शिरला की बेट गेलं. जे जळलं ते परत मिळत नसे. म्हणून लोक सख्ख्या भावालासुद्धा चावी देताना दहादा विचार करायचे.

वावटळच्या बेटाला दोन चाव्या होत्या. एक तिची, दुसरी गोगलगायची.

गोगलगाय म्हणजे एक पुरुष, बरं का. चाळिशीचा, दुसऱ्या शहरात एकटा राहणारा, पुस्तकबांधणी करणारा. हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. सुरुवातीचे सहा महिने तो फक्त टाइप करायचा. बाकीचे खेळाडू माइकवर आरडाओरडा करायचे, हा मात्र गप्प. एकदा वावटळ म्हणालीच, "तुझ्याकडे माइक नाही का?"

पडद्यावर उत्तर आलं, "आहे."

"मग बोल की!"

मग अक्षरं उमटली. "मी अडखळतो. लोक हसतात, नाहीतर माझं वाक्य स्वतःच पुरं करतात."

वावटळ म्हणाली, "माझी एक काच नीट बसायला कधीकधी पाऊण तास लागतो. मला कसली घाई आहे? बोल तू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या कानांत बारीक टक्‌ असा आवाज झाला. मग कुणाचा तरी श्वास. मग, "व... व... व..."

तिला कळलं होतं तो काय म्हणायला बघतोय. तिचंच नाव. पण तिने ते त्याच्या वतीने उच्चारलं नाही. ती थांबली. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चार मिनिटं पुढे सरकलं.

"वावटळ."

"बोल, गोगलगाय."

दोघंही हसले. आणि मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्या तारांचा फार अभिमान वाटला.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. ती जहाजातून लाकूड आणायची, तो एकेक वीट रचायचा. त्याने एक दीपगृह बांधलं, त्याला आठ महिने लागले. जिन्याच्या दोन पायऱ्या वाकड्या आल्या म्हणून त्याने अख्खा जिना उतरवून पुन्हा बांधला. ती म्हणायची, "अरे, कोण बघणार आहे?" तो म्हणायचा, "म... मी बघतो ना!" रंगात आला की त्याचं अडखळणं कमी व्हायचं. शिवणीचा दोरा मेणातून का ओढायचा, चिकटवायची खळ किती पातळ हवी, हे सांगताना तर तो सलग पाच-पाच वाक्यं बोलायचा.

एकदा आईंची फोन नंबरांची जुनी वही सुटी झाली. वावटळने मला आईंच्या कानाला लावलं, आणि गोगलगायने त्यांना तासभर एकेक टाका सांगितला. आई मध्येच म्हणाल्या, "थांब रे बाळा, सुई कुठं गेली बघते." तो थांबला. वही शिवून झाल्यावर आई म्हणाल्या, "किती गोड बोलतोस रे तू!"

मग तो म्हणाला, "अ... असं मला कुणी म्हटलं नव्हतं."

पूर्वी त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तो कागदावर लिहून दाखवायचा. वावटळशी बोलायला लागल्यावर त्याने तो कागद बाजूला ठेवला. "आज एका मास्तरांशी तोंडाने बोललो," असं त्याने सांगितलं, तेव्हा ती खुर्चीतून उठून नाचली होती. मी खाली पडलो. माझी दांडी मोडली ती तेव्हाच. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग सेनापती आला.

हे एका मोठ्या संघाच्या प्रमुखाचं खेळातलं नाव. त्याचा संघ मोठमोठ्या स्पर्धांत उतरायचा, हजारो लोक त्यांचे सामने बघायचे. वावटळ जहाज फार सुरेख चालवायची, ते त्याने हेरलं होतं. त्याचा आवाज गुळगुळीत होता, कुठेच न अडकणारा.

"तुझ्यासारखी मुलगी त्या दोन माणसांच्या बेटावर काय करतेय? आमच्यात ये. पुढच्या स्पर्धेत जहाज तुझ्या हातात."

दिवसभर मागच्या खोलीत बसून ती लोकांना दिसण्याची सोय करून द्यायची, पण तिला स्वतःला कुणी बघत नव्हतं. हे तिने एकदा गोगलगायजवळ बोलूनही दाखवलं होतं.

"मी काय करायचं?" तिने विचारलं.

"तुझ्या बेटाचं दार उघडायचं. आमच्यात येणारा प्रत्येक जण आधी मागचे दोर कापून येतो. आमचा नियमच आहे तो."

"पण माझा जोडीदार आहे तिथं."

"अगं, खेळ आहे हा! कुणाचं खरं घर जळतंय का?"

ती आठवडाभर नीट जेवली नाही. आई विचारायच्या, "काय झालंय?" ती म्हणायची, "काही नाही गं." त्याच आठवड्यात गोगलगाय तिला दीपगृहासाठी नवे दिवे दाखवत होता. ती "छान आहेत" म्हणायची आणि माझी वायर बोटाला गुंडाळत राहायची.

रविवारी दुपारी तिने दार उघडलं.

चाळीस-पन्नास जण आत घुसले. गोगलगाय दीपगृहाच्या वरच्या मजल्यावर होता. त्याने तिथून पाहिलं, आणि त्याला वाटलं, हिची चावी कुणीतरी चोरली. माझ्यातून त्याचा आवाज आला. मोठा, स्वच्छ, एकदाही न अडखळलेला.

"वावटळ, पळ! तू जहाज काढ, मी दारात थांबतो!"

मित्रांनो, माझ्या वायरीवर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की माइक बंद होतो. तिने ते दाबलं.

तो धावत दाराशी आला आणि एकटाच उभा राहिला. "तू गेलीस का? स... सुटलीस का? अगं, बोल ना!" तो विचारत होता. तिने बटणाला पुन्हा हात लावला नाही. त्यांनी त्याला तिथेच लोळवलं. दीपगृह पेटलं. आणि सगळ्यांना दिसेल असा सेनापतीचा संदेश पडद्यावर झळकला, "शाब्बास, वावटळ! दार वेळेवर उघडलंस."

माझ्या कानांतला त्याचा श्वास थांबला.

मग तो बोलायला लागला. "क... क... क..."

इतकी वर्षं ती थांबत आली होती. या वेळी तिला थांबवेना. तिने मला कानांवरून ओढून काढलं आणि टेबलावर पालथं टाकलं. पडद्यावर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका लुकलुकत होता, म्हणजे तो अजून बोलत होता. ती त्या ठिपक्याकडे बघत बसली. मला तिने उचललं नाही.

पण ऐकणं हेच माझं काम. टेबलावर पालथा पडून मी सगळं ऐकलं. फार वेळ लागला त्याला. तो म्हणाला,

"क... कंटाळली होतीस का? म... मला सांगायचं होतंस गं. मीच उघडलं असतं दार."

मग ठिपका विझला.

पुढे ती सेनापतीच्या संघात गेली. जहाजही मिळालं, दोन सामने जिंकली, लोकांनी वाहवा केली. पण त्या संघाच्या किल्ल्याची चावी सगळ्यांकडे होती, अगदी कालच आलेल्या पोरांकडेही. तिच्याकडे नव्हती. तिने एकदा विचारलं, तर कुणीतरी हसून म्हणालं, "तुला? तुला कोण देणार?" महिन्याभरात तिने तो संघ सोडला.

तिने गोगलगायला कितीतरी संदेश पाठवले. 'माझं चुकलं' असं एकच वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. आई अधूनमधून विचारायच्या, "तो तुझा वहीवाला हल्ली बोलत नाही का गं?" एके दिवशी तिने आईंना सगळं सांगून टाकलं. आई रागावल्या नाहीत. नुसत्या चादरी घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवटी काय म्हणाला तो?"

"ऐकलं नाही गं मी," ती म्हणाली आणि आईंच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी समोरच खिळ्याला टांगलेला होतो. मला ते शब्द न् शब्द पाठ होते. पण दुसऱ्याचा आवाज पोचवणारा मी, माझा स्वतःचा आवाज मला कुणी दिलाच नव्हता.

आठ-नऊ महिन्यांनी तो पुन्हा खेळात दिसला. कुणा अनोळखी लोकांच्या बेटावर, एका कडेला, विटा रचत. तिने घाईघाईने मला कानाला लावलं. "गोगलगाय! मी आहे. वावटळ."

पडद्यावर अक्षरं आली. "ओळखलं. बरी आहेस ना?"

"बोल ना माझ्याशी. एकदाच. शिव्या घाल हवं तर."

"माइक काढून ठेवलाय."

"बिघडला का?"

"नाही."

तिने विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणालास रे? मी ऐकलं नाही."

पडद्यावर उमटलं, "आता आठवत नाही. दुकानात गिऱ्हाईक आलंय, त्यांना कागदावर लिहून दाखवायचंय. आईंना नमस्कार सांग."

पडद्यावरचं त्याचं नाव करडं झालं, म्हणजे तो खेळातून निघून गेला. तिने मला काढलं, वायर नीट गुंडाळली आणि या खणात ठेवलं. खण बंद करताना तिचा हात क्षणभर माझ्यावर राहिला होता. त्यानंतर मी कुणाच्याच कानावर बसलो नाही.

मित्रांनो, मला नवा स्पंज नको, नवी दांडीही नको. तुम्ही खुशाल खेळा, जिंका, हरा, एकमेकांची जहाजंही बुडवा, खेळात ते चालायचंच. पण तुमच्या भरवशावर कुणी आपलं तोंड उघडलं असेल, तर त्याला जपा. आणि कधी हातून चूक झालीच, त्याच्याकडे बघायची लाज वाटली, तरी एवढं करा. तो बोलत असताना आम्हाला कानावरून काढू नका. कितीही वेळ लागला तरी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.