बुटावरचा मोजा

मित्रांनो, मी एक मोजा आहे. जुना, लोकरीचा, टाचेशी रफू केलेला. माझा जोडीदार फारसं बोलत नाही, म्हणून आमची गोष्ट मलाच सांगावी लागते. सांगताना आजही मला कुठे तोंड लपवू असं होतं.

माझा जन्म बल्गेरियातल्या रोदोपीच्या डोंगरात झाला. वेलिका नावाच्या बाईने घरच्या मेंढ्यांची लोकर कातली, लाल आणि काळी रंगवली आणि पाच सुयांवर आम्हाला विणलं. तिच्या मुलीचं, नेवेनाचं, लग्न ठरलं होतं. आमच्याकडे नवरीने सासरच्या माणसांना हाताने विणलेले मोजे द्यायचे असतात आणि सगळ्यांत सुंदर जोडी सासूला. ती जोडी म्हणजे आम्ही. लग्नात आम्ही या हातातून त्या हातात फिरलो. "काय बारीक वीण आहे गं!" असं जो तो म्हणत होता. मला तर आपण मोजा नसून मुकुट आहोत असंच वाटायला लागलं होतं.

नेवेनाची सासू राइनाबाई ही गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका. तीही "सुंदर" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी कसर लागू नये म्हणून तिने आम्हाला अक्रोडाच्या पानांत घालून खणात ठेवलं. तिचे बूट उंच टाचांचे, रोज पॉलिश केलेले. जाड खेडवळ मोज्यांना त्यांत जागाच नव्हती. आम्ही खणातच राहिलो. बाहेर हिवाळे येत होते नि जात होते. पाय गारठत असतील कुणाचे तरी, आणि आपण इथे नुसते पडून आहोत, याची मला लाज वाटायची. पण खरी लाज कशाला म्हणतात ते मला अजून कळायचं होतं.

एका जानेवारीत बर्फावर रात्रभर पाऊस पडला आणि पहाटे सगळं गोठलं. आमची चढाची गल्ली काचेसारखी झाली. सकाळीच शाळेच्या शिपायाचा फोन आला. "बाई, मी खालच्या गावातच अडकलोय, बस बंद आहे. पण वरच्या वाडीतली पोरं ट्रॅक्टरने आलीत म्हणे. ट्रॅक्टर त्यांना सोडून निघूनही गेला. दाराला कुलूप आहे आणि दुसरी किल्ली तुमच्यापाशी!"

राइनाबाई कोट चढवून निघाली. फाटकाशीच घसरली. उठली, पुन्हा घसरली.

"आई, बुटांवरून लोकरीचे मोजे चढवा," दारातून नेवेना म्हणाली. "आमच्या गावात सगळे असंच करतात. लोकर बर्फाला धरून ठेवते."

"मी? बुटांवर मोजे? म्हाताऱ्या करतात ते! मुलांसमोर कशी उभी राहू?"

"मग द्या ती किल्ली, मी जाते."

"डोकं फिरलंय का तुझं? सातवा महिना चालू आहे!"

"माझं फिरलंय, तुमचं नाही ना? पोरं थंडीत उभी आहेत, आई."

सासू फाटकातून मागे फिरली. घरात लोकरीची एकच धड जोडी उरली होती. खण उघडला.

मित्रांनो, मोज्याने बुटाच्या आत राहावं, अशी आमच्यातली रीत. आणि मी, सासूच्या मानाचा मोजा, बुटाच्या वर ताणून बसवलेला, भर रस्त्यात! कुणी आतले कपडे बाहेर घालून फिरावं, तसं मला झालं. माझ्या आत बूट आणि बुटात राइनाबाईचे पाय होते आणि त्या पायांनाही तेच होत होतं, हे मला कळत होतं. पण खरं सांगतो, एकदाही घसरलो नाही. कुणी घसरू नये म्हणून घरोघरी चुलीतली राख फाटकासमोर टाकलेली होती. तिच्यातून आम्ही काळवंडत, भिजत, एकेक पाऊल वर गेलो.

वाटेत कोलो आजोबा राखेची बादली घेऊन उभे होते. "काय हो बाई, आज पायांपेक्षा बुटांनाच जास्त थंडी वाजतेय वाटतं?" असं म्हणून ते खो खो हसले. मागून "पण बरं केलंत हो, बरं केलंत!" असंही ओरडले. ते तिने ऐकलं नाही. तिने फक्त हसणं ऐकलं.

वळणावरून शाळा दिसते. तिथे राइनाबाई थांबली. दाराशी पोरं एकमेकांना चिकटून उभी होती. तिने भिंतीला टेकून आम्हाला ओरबाडून काढलं आणि पर्समध्ये कोंबलं.

शाळेपुढची राख शिपाई टाकतो. शिपाई तर खाली अडकलेला. म्हणजे सगळ्या वाटेत फक्त तिथेच राख नव्हती.

दोन पावलं गेली असतील. मग पर्स आपटली आणि अंधारात मला तिचं कण्हणं ऐकू आलं. पोरं धावायला लागली.

"कुणी पुढे यायचं नाही!" ती ओरडली. "पडाल! तिथेच थांबा!"

उठायला गेली, पुन्हा आपटली. हातमोज्यात किल्ली, समोर दार, आणि मधे नुसती काच. दुसरीतली छोटी इस्क्रा रडायला लागली. "बाई, माझी बोटं दुखतायत," ती म्हणाली. मग पुटपुटली, "आता दुखतपण नाहीत, काहीच कळत नाहीये."

पर्सची चेन उघडली. बाईंचा चेहरा आमच्या लालीपेक्षा लाल झाला होता. रस्त्याच्या मधोमध बसून, सगळ्या पोरांच्या डोळ्यांदेखत तिने आम्हाला बुटांवर चढवलं. कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मग हात टेकून ती उठली, लंगडत दारापर्यंत गेली आणि कुलूप उघडलं. वर्गातली चूल पेटवायच्याही आधी तिने इस्क्राची बोटं आपल्या काखेत धरली. हळूहळू बोटांत जीव आला आणि ती पुन्हा दुखायला लागली. इस्क्रा मोठ्याने रडली आणि बाई पहिल्यांदा हसली.

"बाई, किती छान आहेत हे," इस्क्रा आमच्याकडे बघत हुंदके देत म्हणाली. "कुणी विणले?"

"माझ्या विहीणबाईंनी. आणि मी मूर्खासारखे काढून ठेवले होते."

दुपारी शाळा सुटली तेव्हा बाईंनी आम्हाला वळणाआड नाही, तिथेच दारात, सगळ्यांसमोर चढवलं. कान लालच होते. लाज काही गेली नव्हती. ती लाज अंगावर घेऊनच तिने इस्क्राचा हात धरला, आणि आम्ही दोघींना न्यायला आलेल्या ट्रॅक्टरपर्यंत नेऊन पोहोचवलं.

माझ्या टाचेला तेव्हाच भोक पडलं. मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी हाताने काही विणलं असेल, तर ते खणात ठेवू नका. घाला, मळवा, फाटलं तर रफू करा. ओले झालो की आम्हाला चुलीवर नाही, चुलीजवळ वाळवा. आणि पुढच्या वेळी निसरड्यावर कुणी बुटांवर मोजे घालून चाललेलं दिसलं, तर हसण्याआधी एकदा बघा, ते कुणापाशी पोहोचायला निघालंय.